झडपेवरचे ओरखडे

संस्थेच्या तळघरात, जिन्यामागच्या अरुंद बोळाच्या टोकाला एक जाड दार होतं. त्या दाराआड मोठ्याने बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही आणि मधल्या टेबलाला तर बोटही लावायचं नाही, असा दंडक होता. नवे विद्यार्थी आधी याची टिंगल करत. मग कुणाच्या तरी शिंकेने तासाभराचं काम वाया जाई, दाराआडची बाई त्याला चार शब्द सुनावी, आणि पोरगं कानाला खडा लावी. या बाईला सगळे सुईबाई म्हणत. मागे म्हणत, तोंडावरही म्हणत. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. दिवसभर सुईशीच तर तिची गाठ होती.

यंत्राचं खरं नाव अणुबल सूक्ष्मदर्शक. नाव सूक्ष्मदर्शक असलं तरी ते बघत नाही, चाचपतं. दिवे गेल्यावर आपण भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघर गाठतो, तसं. केसाहून पातळ अशा एका पट्टीच्या टोकाला डोळ्याला न दिसणारी सुई असते. ती वस्तूवरून अलगद फिरते, वरखाली होते. पट्टीच्या पाठीवर एक लाल किरण सोडलेला असतो. सुई जराशी उचलली गेली तरी तो सरकतो, आणि तेवढ्यावरून पडद्यावर डोंगरदऱ्या उमटत जातात. सुई टेकवून उचलायचीही सोय असते. उचलताना ती किती चिकटून राहिली, पृष्ठभाग किती दबला, हेही कळतं. सुईबाई बहुतेक पॉलिमर तपासायची. रंगाचे थर, औषधाच्या वेष्टनाच्या पट्ट्या, टायरचं रबर, डोळ्यात घालायच्या भिंगांचं प्लास्टिक. हाताला जे गुळगुळीत लागतं ते तिच्या पडद्यावर नांगरलेल्या शेतासारखं दिसे, आणि तिला त्याचं कौतुक कधी सरत नसे. बसमधला दांडा धरला तरी तिचा अंगठा नकळत त्यावर मागेपुढे फिरायचा.

पॉलिमरमध्येच तिचं शिक्षण झालं होतं. या यंत्रावर ती आली ती तात्पुरती, स्वतःचं संशोधन सुरू होईपर्यंत. पण यंत्र तिच्याच हाताला सरावलं, दुसरं कुणी बसलं की रुसायचं, आणि संशोधन मागे पडत गेलं. इतरांच्या निबंधांत शेवटी आभार मानतात त्या ओळीत तिचं नाव येई. लग्नाचं आधी जमलं नाही, आणि मग जमवायचं राहूनच गेलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीत चार कुंड्या आणि दोन गल्ल्या सोडून राहणारा थोरला भाऊ, एवढा तिचा पसारा.

भाऊ म्हणजे दादा. पोहायला शिकवणारा मास्तर. गावातल्या छपराच्या पोहण्याच्या तलावावर त्याने अर्ध्या गावाला पाण्यात ढकललं होतं, असं तो स्वतःच सांगायचा. आवाज असा की तलावाच्या या टोकाला उभं राहून त्याने "पाय मार!" म्हटलं की त्या टोकाचे पाय मारायला लागत, आणि बाहेर तिकीट फाडणाराही दचकून पाय हलवी, अशी गंमत लोक करत. घरी तो फोनवर बोलू लागला की वहिनी म्हणायची, "अहो, फोन कशाला? खिडकी उघडा, तसंच ऐकू जाईल त्यांना." बहिणीला तो लहानपणापासून मुंगी म्हणायचा, कारण ती तासन् तास जमिनीवर पालथी पडून मुंग्या बघत बसायची. केस पिकले तरी तो चारचौघांत "ए मुंगे!" अशी हाक मारायचा आणि ती कानकोंडी व्हायची.

त्याच दादाचा घसा बसला. आधी सगळ्यांना वाटलं, ओरडून ओरडून बसला असेल. मग तपासण्या झाल्या. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघा नवरा-बायकोला आणि सुईबाईला समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. दादाने एकच विचारलं, "आणि पोहणं?"

"पोहणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. पाणी सरळ फुप्फुसात जाईल. पाण्यात उतरायचंच नाही."

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. गळ्याच्या खळगीत एक भोक आलं, आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवली गेली. सिलिकॉन रबराची, शर्टाच्या गुंडीएवढी. भोकावर अंगठा दाबून श्वास सोडला की हवा त्या झडपेतून मागे जाई आणि घोगरा, खोल, ओळखू न येणारा असा आवाज निघे. पहिला शब्द त्याने काढला तो "वा!" वहिनीला वाटलं, खुर्ची करकरली. दुसऱ्यांदा तिला कळलं आणि ती रडत हसली.

पण ही झडप काही त्याला धार्जिणी होईना. घशातल्या ओलाव्यात त्या रबरावर बुरशीचे थर चढतात, झडपेचं पातळ पान नीट मिटत नाही, आणि प्यायलेलं पाणी श्वासनलिकेत गळतं. सगळ्यांचंच होतं, डॉक्टरीणबाई सांगत. काही महिन्यांनी झडप बदलायची, एवढंच. दादाची मात्र काही आठवड्यांतच गळायला लागे. चहाचा घोट घेतला की ठसका. ठसका असा की डोळ्यांतून पाणी येई, चेहरा जांभळा होई. त्याने चारचौघांत चहा घेणं सोडलं. मग चारचौघांत जाणंच सोडलं. तलावावरचे जुने लोक भेटायला आले की तो आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घेई, आणि वहिनी बाहेर बसून काहीबाही सांगत वेळ मारून नेई.

सुईबाईला हे बघवेना. दुसऱ्या कुठल्या दुखण्यापुढे तिने हात टेकले असते. पण हे रबर होतं. पॉलिमरचा पृष्ठभाग होता. त्यावर काय चिकटतं आणि का चिकटतं, हे बघण्यातच तिचा जन्म गेला होता. ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, "त्याची काढलेली झडप फेकू नका. मला द्या."

डॉक्टरीणबाईंनी दादाची परवानगी घेतली, झडप निर्जंतुक करून डबीत घालून दिली आणि तुलनेसाठी मुदत संपलेली एक कोरी झडपही दिली. विभागप्रमुखांनीही आडकाठी केली नाही. "यंत्र मोकळं असेल तेव्हा करा. आणि काही सापडलं तर मलाही दाखवा," ते म्हणाले.

तिने कोऱ्या झडपेचं पान कापलं, तांदळाएवढा तुकडा लोखंडी चकतीवर चिकटवला, वातानुकूलन बंद केलं आणि सुई खाली उतरवली. पडद्यावर हलक्या लाटांचं, जवळजवळ सपाट मैदान उमटलं. मग दादाच्या झडपेचा तुकडा. तो आधी नीट धरवेनाच. सुई जागोजाग चिकटत होती, चित्र फिसकटत होतं. तिने सुई बदलली, दाब कमी केला, वेग कमी केला. आणि मग ओळीमागून ओळ चित्र भरत गेलं, तशी ती पडद्याकडे सरकत गेली. सगळं मैदान ओरखड्यांनी भरलेलं होतं. एका दिशेने वळत गेलेले, बारीक, खोल चर. आणि चरांच्या तळाशी, धुऊनही न निघालेले बुरशीचे गोल गोल अवशेष, नाल्यात अडकलेल्या दगडांसारखे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा साच्यातला दोष, तिने मनाशी ठरवूनच टाकलं. कारखान्यात साचा झिजला असणार, आणि खराब माल माझ्या भावाच्या गळ्यात बसवला! ती तशीच चित्रं घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी ती बराच वेळ पाहिली. त्या म्हणाल्या, "असेलही. पण याच खोक्यातल्या झडपा मी इतरांनाही बसवल्यात. त्यांच्या बऱ्या चालल्यात. थांबा, त्यांच्या काढलेल्या मिळवून देते. मग बोला."

त्या झडपा मिळाल्या, तिने तपासल्या. त्यांच्यावर बुरशी होती, थर होते, रबर जागोजाग कडक झालेलं होतं. चर मात्र कुठेच नव्हते. सुईबाई गोंधळली. साचा नाही, तर मग काय? कारखान्याला झाडायला मनातल्या मनात तयार केलेलं सगळं भाषण फुकट गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात दादा तळघरात आला. पुन्हा झडप बदलून घरी निघाला होता. डबी द्यायला म्हणून वाकडी वाट केली होती. गळ्याला रुमाल, त्यावर बंद कॉलर. यंत्रावर त्याच्याच जुन्या झडपेचा दुसरा तुकडा चढवलेला होता. सुईबाईने त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि पडद्याकडे बोट केलं. तो बघत राहिला. मग अंगठा रुमालाखाली सरकवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मुंगे, हे चंद्रावरचं की काय?"

पडद्यावर चित्राच्या मधोमध आडवे फराटे उमटले.

"गप्प बस!" ती फिस्कारली. "दिसत नाही, सुई चाललीय? तुझ्या आवाजाने चित्र बिघडतंय!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. दादाचे खांदे गदगदा हलत होते. तिला वाटलं, ठसका लागला. ती धावली. पाहते तर तो हसत होता. आवाज नसलेलं, अंगभर हसू. डोळे पुसून त्याने अंगठा परत दाबला.

"किती महिन्यांनी," तो म्हणाला, "किती महिन्यांनी कुणीतरी मला गप्प बस म्हटलं गं! सगळे आपले बोला, बोला, प्रयत्न करा. मला वाटलं, आता कुणी ओरडणारच नाही माझ्यावर."

तिनेही मग स्कॅन थांबवला. आता हवं तेवढं बोल, म्हणाली. चित्रातले चर दाखवून तिने त्याला सगळं समजावलं. या खोबणीत बुरशीला आसरा मिळतो, इथून ती निघत नाही, म्हणून पान मिटत नाही. "आधी साच्यातला दोष वाटला होता, पण इतरांच्यात नाहीये. तुझ्याच झडपेला हे कशामुळे होतंय, तेच कळत नाही."

दादाचं हसू मावळलं. तो चित्राकडे बघत राहिला, मग उठला, कॉलर नीट केली. "उशीर झाला," म्हणाला आणि निघाला. दारात एकदा थांबला, काही बोलेलसं वाटलं, पण हात वर करून गेला.

आपल्या भावाला ती ओळखत होती. लहानपणी काच फोडली की तो असाच उशीर झाला म्हणून निघायचा.

रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला गेली. हात धुवायला न्हाणीघरात शिरली. आरशाखाली पेल्यात दातांचे दोन ब्रश होते, आणि त्यांच्या मागे लपवल्यासारखा तिसरा. लांब तारेच्या दांड्याचा, टोकाला काळे, राठ नायलॉनचे केस असलेला. हा ब्रश तिने पूर्वी पाहिला होता. तलावाच्या गाळणीची भोकं साफ करायला दादा असले ब्रश वापरायचा. दवाखान्याने दिलेला मऊ पांढरा ब्रश वरच्या फळीवर होता, कोरा करकरीत, कागदासकट.

 तिने कुणाला न सांगता राठ ब्रश रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या झडपेच्या उरलेल्या भागात तो घालून फिरवला, जसा एखादा माणूस आरशात बघून फिरवील तसा. मग सुई उतरवली. तेच चर, तसेच वळलेले. अंदाज खरा ठरल्याचा आनंद तिला एरवी व्हायचा तसा झाला नाही. दवाखान्यातून झडपा गोळा केल्या, कारखान्याला शिव्या घातल्या, पण भावाला इतकं साधं विचारलं नव्हतं की तू ती धुतोस कशी.

संध्याकाळी ती त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. ब्रश टेबलावर ठेवला. दादाने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. वहिनी भांडी पुसत होती.

"अगंबाई, हा तुमच्याकडे होता होय, वन्सं?" वहिनी म्हणाली. "कालपासून शोधताहेत. घर डोक्यावर घेतलंय."

"दादा, याने घासतोस?"

त्याने मान हलवली. हो.

"आणि मऊ ब्रश दिलाय तो?"

अंगठा गळ्याशी गेला. "त्याने काय होतंय? गुदगुल्या? घाण निघायला नको?"

"अरे, घाण निघत नाहीये, घर होतंय तिचं! तू चर पाडतोस आणि ती त्यात जाऊन बसते. जितकं घासशील तितकी जास्त. दिवसातून किती वेळा करतोस?"

वहिनीच म्हणाली, "मोजायची सोय नाही. सकाळी, जेवल्यावर, झोपताना. मध्ये उठूनसुद्धा. न्हाणीघरातून बाहेरच येत नाहीत."

"पण का? इतकं कशासाठी?"

दादाने एकदा बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर टेबलाकडे नेली. मग अंगठा रुमालाखाली सरकवला. तो बोलला तेव्हा आवाज इतका खोल होता की सुईबाईला पुढे वाकावं लागलं.

"वास येतो. मला येत नाही, नाकाने श्वासच घेत नाही मी. पण येत असणार. ही... ही पाठ करून झोपते. घरी आल्यापासून. पूर्वी नव्हती झोपत."

 वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. मग ती एकदम म्हणाली, "इश्श! कानात वारं जातं हो तुमचं!"

"काय?"

"वारं! तुमचा श्वास आता तोंडातून नाही, इथून येतो ना, गळ्यातून. आणि माझं डोकं बरोबर तिथेच. तोंड तुमच्याकडे केलं की रात्रभर फुंकर. फूऽ, फूऽ! कान दुखायला लागला माझा. तेलसुद्धा घातलं चार दिवस. म्हणून कुशीवर वळते. वास कुठला आलाय? उलट औषधाचा येतो, तुम्ही ते घासघासून लावता त्याचा."

"मग सांगितलं नाहीस कधी!"

"काय सांगू? माणूस मरणाच्या दारातून परत आलं, आणि त्याला म्हणू, जरा श्वास तिकडे घ्या?"

सुईबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण हसू थांबेना, आणि तिच्या पाठोपाठ वहिनीचा बांध फुटला. ती हसतेय की रडतेय हे तिलाही कळत नसावं. दादा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. गाळणीचा ब्रश त्याने उचलला, तार मधोमध वाकवली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग वहिनीने त्याच्या पाठीवर फडक्यानेच एक चापट मारली. "इतके महिने मनात ठेवलंत! तोंडाला झडप बसवली होती का?"

झोपायच्या जागा त्यांनी बदलल्या. दादा भिंतीकडच्या बाजूला गेला, वहिनीची उशी जरा वर सरकली, आणि कानाचा प्रश्न मिटला. मऊ ब्रश फळीवरून खाली आला. सुईबाईने तो कसा आत घालायचा आणि किती हलक्या हाताने फिरवायचा हे डॉक्टरीणबाईंकडून स्वतः शिकून घेतलं आणि आरशासमोर दादाच्या मागे उभं राहून त्याच्याकडून करवून घेतलं. "हळू. हळू रे! तलाव नाही हा." तो आरशातून तिच्याकडे डोळे वटारून बघे.

नव्या झडपेवर बुरशी चढायची ती चढलीच. पण महिना गेला, दुसरा गेला, आणि चहाचा ठसका काही लागला नाही. झडप बदलायची वेळ आली ती इतरांना येते तेव्हाच. काढलेल्या झडपेच्या चित्रात थर होते, चर नव्हते. डॉक्टरीणबाईंनी ते पाहून विचारलं, "बाकीचे रोगी कशाने घासतात, हे मी तरी कुठे विचारलंय?" विचारल्यावर कुणी दात कोरायची काडी सांगितली, कुणी शिवणाच्या यंत्राचा ब्रश. मग त्या दोघींनी मिळून वर्षभर झडपा जमवल्या, तपासल्या, आणि त्यावर एक छोटासा निबंध लिहिला. विभागप्रमुखांनी वाचून दोन चुका दाखवल्या आणि सुईबाईचं नाव पहिलं घाला म्हणाले. ती नको नको म्हणाली, पण फार वेळ म्हणाली नाही.

दादा तलावावर परत गेला तो पाण्यात उतरायला नाही. आधी नुसता काठावर बसायचा. जुन्या सवयीने एकदा त्याने शिट्टी तोंडात धरली, फुंकली, आणि हवा गळ्यातूनच निघून गेली. शिट्टी गप्प. त्याने ती खिशात टाकली आणि टाळ्या वाजवायला लागला. पण लांबवरच्या पोरांना टाळी ऐकू जात नसे, शब्द तर नाहीच. पोरांचा वर्ग दुसऱ्या मास्तरकडे गेला. ते त्याला लागलं. चार-आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

मग तलावाच्या व्यवस्थापकानेच सुचवलं की पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग त्याने घ्यावा. सकाळी, उथळ बाजूला. पाचसहा जण होते. बँकेतून निवृत्त झालेला एकजण, दोन मध्यमवयीन बहिणी, पाण्यात पडून वाचलेली एक शिंपीण. सगळे काठाचा दांडा घट्ट धरून उभे, तो सोडायला कुणी तयार नाही. दादा त्यांच्यासमोर लाकडी चौरंगावर बसे, गळ्याला शिंतोडे अडवणारं, खालून उघडं रबरी आच्छादन, हातात टॉवेल. त्याचं बोलणं तीन हातांपलीकडे पोचत नसे, आणि हे लोक तीन हातांपलीकडे जातच नव्हते.

सुईबाई एकदा कामावर जाण्याआधी तिथे डोकावली. शिंपीण दांड्याला चिकटून थरथरत होती.

"पाय मारा," दादा अंगठा दाबून म्हणाला. "मी कुठे जात नाही. मलाही पाण्याची भीती आहे आता. तुमच्याहून जास्त."

बाईने त्याच्या गळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिने एक हात सोडला. पाय मारले, वेडेवाकडे, पाणी उडवत. त्याच्या विजारीवर शिंतोडे आले तसा तो झटकन टॉवेल गळ्याशी धरून मागे झुकला, आणि परत पुढे येऊन म्हणाला, "असंच. आता दुसरा."

"दुसरा पाय?"

"दुसरा हात, बाई. सोडा."

सुईबाई थोडा वेळ दारात थांबली. मग हळूच वळून बस पकडायला गेली. त्या दिवशी भिंगांच्या प्लास्टिकचे नमुने यायचे होते.